सर्व लोकांसाठी

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारावर काळ्या दगडाची एक पाटी बसवलेली आहे. देणगी देणाऱ्या कापड व्यापाऱ्याचं नाव तिच्यावर मोठ्या अक्षरांत. त्याखाली, ज्या आईच्या स्मरणार्थ देणगी दिली तिचं नाव. आणि अगदी तळाला, दरवर्षी भिंतीला चुना मारताना बुजत आलेली एक ओळ. हे वाचन मंदिर सर्व लोकांसाठी बांधलं, असं ती ओळ सांगते. पहिल्या दोन नावांवरून गावात कधी भांडण झालं नाही. ‘सर्व लोक’ म्हणजे नेमके कोण, यावरून मात्र ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं भांडण चालू आहे. ते दरवेळी वेगळ्या तोंडानं येतं, म्हणून ते एकच भांडण आहे हे लवकर ध्यानात येत नाही.

इमारत साधीच. पुढं हातभर उंचीचा ओटा, ओट्याला तीन दगडी पायऱ्या, सागवानी खांबांवर उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर. आत एक लांब खोली, भिंतींना लागून काचेच्या दारांची कपाटं. मागं एक अंधारी खोली, तिथं जुन्या अंकांचे गठ्ठे. भिंती दगडी, रुंद, चुन्यातल्या, म्हणून उन्हाळ्यातही आत गारवा. आमच्या दुष्काळी भागात मे महिन्यात दुपारचं बसण्यासारखी गावात दोनच ठिकाणं, एक मारुतीचं देऊळ आणि दुसरं हे. त्याआधी वाचनालय चावडीच्या एका कोपऱ्यात होतं असं जुनी माणसं सांगायची. एक पेटी, पेटीत शंभरेक पुस्तकं, आणि टपालानं दोन-तीन दिवस उशिरा येणारा ‘केसरी’. मग स्वातंत्र्याच्या आधी दहा-बारा वर्षं व्यापाऱ्यानं जागा आणि पैसे दिले, गावानं आपल्या बैलगाड्यांनी दगड वाहून आणला, आणि पेटी नव्या इमारतीत गेली. गाड्या कुणाकुणाच्या होत्या, ते पाटीवर नाही.

महाराष्ट्रात अशी वाचनालयं तेव्हा काही नवी नव्हती. रत्नागिरीला 1828 मध्ये, नाशिकला 1840 मध्ये, पुण्याला 1848 मध्ये ती निघाली होती. सुरुवातीला त्यांची नावं साहेबी थाटाची. पुण्याचं होतं ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’. तेच पुढं ‘पुणे नगर वाचन मंदिर’ झालं, आणि वाचन मंदिर हा शब्द गावोगावी रुजला. पोथीला नमस्कार करून मगच ती उघडणाऱ्या माणसांना तो मनापासून सुचला असणार, त्यात खोट नव्हती. पण देऊळ म्हटलं की गाभारा आला, उंबरा आला, आणि कोण कुठपर्यंत जाणार हेही आलं. ज्या नाशकात 1840 पासून सार्वजनिक वाचनालय होतं, त्याच नाशकात 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दारात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला. पंढरीच्या विठोबाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. त्या काळात एखाद्या खोलीला ‘मंदिर’ म्हणायचं आणि तिथंच ‘सर्व लोकांसाठी’ असंही लिहायचं, म्हणजे एकाच दगडावर दोन उलट गोष्टी कोरण्यासारखं होतं. कोरणाऱ्याला ते जाणवलं असेल असं मला वाटत नाही.

आमचे चौथीचे गुरुजी एक गोष्ट सांगायचे. वाचनालय नवं असताना महारवाड्यातला एक पोरगा रोज संध्याकाळी यायचा आणि खालच्या पायरीशी उभा राहायचा. त्याला हवं असलेलं पुस्तक शिपाई ओट्याच्या कडेला ठेवायचा, मग पोरगा ते उचलायचा. परत देतानाही तसंच. वाचनालयाच्या नियमांत असलं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलंच नव्हतं, तर मोडायला ठराव तरी कशाचा करणार? मग एका पावसाळ्यात, भिजायला लागला म्हणून म्हणा की मनात धरून म्हणा, तो तिन्ही पायऱ्या चढला आणि आत जाऊन बाकावर बसला. शिपायानं ग्रंथपालांकडं बघितलं. ग्रंथपालांना गावात मास्तरच म्हणायचे. मास्तरांनी रजिस्टरातून मान वर केली नाही. दोन म्हातारे तेवढे उठले आणि निघून गेले. महिनाभर फिरकले नाहीत.

“मग वो गुरुजी?” आम्ही विचारायचो.

“मग काय! पेपराबिगर करमंना. आले गुमान.”

आम्ही हसायचो. पण ते दोघे उठून का गेले, याचा विचार पुढं पुष्कळ दिवस मनात राहिला. विटाळ तर होताच. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. त्यांनी वर्गणी भरली होती, दगड वाहायला गाड्या दिल्या होत्या. ज्याचा पैसा आणि ज्याची मेहनत, त्यानं कोण आत येणार ते ठरवायचं, असं ते धरून चालले होते. हे म्हणणं त्या वेळी जातीच्या आडोशाला उभं होतं. मात्र त्याला जात लागतेच असं नाही. ते पुढं दुसऱ्या कपड्यांतही आलं.

त्या काळच्या ठरावांनाही हे म्हणणं पुरतं ओलांडता आलं नव्हतं. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 4 ऑगस्ट 1923 ला संमत झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे करावेत असं तो सांगत होता. पण रोख होता तो सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चाललेल्या जागांवर. गावच्या वर्गणीतून आणि एका व्यापाऱ्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वाचनालयाला तो शिवत नव्हता. महाडचं चवदार तळं तर नगरपालिकेनं खुलं केलेलं होतं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं बरोबर घेऊन जाऊन ते पाणी पिऊन दाखवावं लागलं. आणि पुढं विरोधकांनी कोर्टात काय सांगितलं? तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे, म्हणून. मुंबई हायकोर्टानं ते म्हणणं फेटाळलं, तेव्हा 1937 साल उजाडलं होतं. ‘आमचं आहे’ हे दोन शब्द खोडायला दहा वर्षं गेली.

पैसा कुणाचा, या प्रश्नातून वेगळी वाट काढणारा एक माणूस आपल्याच मुलखात जन्मला होता. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा 1875 मध्ये दत्तक गेला आणि बडोद्याचा राजा झाला. तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं दिली. खेड्यांसाठी एक रीत घालून दिली. गावानं एक हिस्सा जमवला की दुसरा हिस्सा प्रांत पंचायत घालणार, तिसरा सरकार. इमारत बांधायची तरी हाच तिहाईचा हिशोब. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या.

या तिहाईत मला राजाच्या उदारपणापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. एक हिस्सा गावाचा, म्हणून गावाला वाचनालय आपलं वाटतं, त्याच्या कौलांची काळजी वाटते. दोन हिस्से बाहेरचे, म्हणून गावातल्या कुणालाच ते एकट्याचं म्हणता येत नाही. आमच्या पाटीवर एकच नाव आहे. त्यामुळं देणाऱ्याच्या पश्चात त्याच्या जागी कोण, हा पेच राहिला, आणि जो जो पुढं काही देत गेला त्याला त्याला वाटत गेलं, की आता मीच.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 मध्ये झाला. मद्रास प्रांतानं 1948 च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर बसवला होता, आपल्याकडं तो बसवला नाही. इथं गावातल्या संस्थेनं वाचनालय चालवायचं आणि सरकारनं अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचं. आमचं वाचनालय ‘ड’ मध्ये लागलं. पुस्तकांवर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचे शिक्के दिसायला लागले. तपासणीला साहेब येणार म्हटलं की मास्तर आठ दिवस आधी रजिस्टरं घेऊन बसायचे. सभासद किती, पुस्तकं किती, देवघेव किती.

या काळात जातीवरून कुणाला पायरीशी उभं राहावं लागत नव्हतं. पण पुस्तक घरी न्यायचं तर अनामत भरावी लागे आणि महिन्याची वर्गणी. रक्कम लहान. तरी ज्या घरात मीठ-मिरचीचे पैसे मोजून दिले जायचे, तिथं पुस्तकासाठी पैसे अडकवून ठेवणं कुणाला परवडणार? माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी कपाटातल्या पुस्तकांची नावं काचेबाहेरून पाठ केली होती. त्यांना कुणी हटकलं नव्हतं. आपलं इथं काम नाही असं त्यांनीच ठरवलं होतं.

तरीही ही इमारत आपल्या पाटीवरच्या ओळीला काही प्रमाणात जागली, ती ओट्यामुळं. ओट्यावर पेपर वाचायला अनामत नव्हती. तिरप्या फळीवर पेपर लावलेला असे, मधोमध लोखंडी पट्टी, म्हणजे कुणी पानं पळवू नयेत. एकजण मोठ्यानं वाचायचा आणि सात-आठजण ऐकायचे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला निघालेली माणसं सकाळी तिथं थांबून जायची. कुठं नवं काम निघालंय, धान्याचं काय ठरलंय, हे ऐकायला.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या भागातल्या किती घरांतले बाप्ये त्यांच्यात होते! मनिऑर्डरी थांबल्या. तेव्हा ओट्यापाशी बायका यायला लागल्या. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. वाचनालयात त्या कधी शिरणार नव्हत्या. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, रस्त्यावरूनच विचारायच्या.

“मास्तर, संपाचं काय आलंय का वो आज?”

“आलंय की. या, बसा. वाचतो.”

“बसाया येळ न्हाई. मिटला का न्हाई, त्येवढंच सांगा.”

मास्तर सांगायचे. दत्ता सामंत काय म्हणाले, सरकार काय म्हणालं. वर्ष गेलं, दुसरं लागलं. तो संप रीतसर मागं कधी घेतलाच गेला नाही. त्यामुळं मिटला की नाही, याचं उत्तर मास्तरांना पेपरात कधी सापडलं नाही. हळूहळू नवरे गावाकडं परत आले, तसं बायकांनी विचारायचं सोडलं.

या बायका वाचनालयाच्या कुठल्याही रजिस्टरात नाहीत. सभासदांत नाहीत, वाचकांत नाहीत, देवघेवीत तर नाहीतच. पण या इमारतीचा उपयोग कुणाला झाला असं मला कुणी विचारलं, तर मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

हे आज लिहायचं कारण असं, की ही इमारत आता पाडायची आहे. आढं वाकलंय. पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक टाकावं लागतं. मागच्या खोलीतले गठ्ठे वाळवीनं खाल्ले. जागा ऐन बाजारपेठेत आहे. विश्वस्तांनी आराखडा करून आणला. खाली सहा दुकानगाळे, वरच्या मजल्यावर वाचनालय. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका, पंखे, दोन संगणक. गाळ्यांच्या भाड्यातून पगार आणि पुस्तकं.

सभेत खजिनदारांनी हिशोब मांडला, तो खोटा नव्हता. 2012 च्या वाढीनंतरही ‘ड’ वर्गाचं अनुदान वर्षाला 30 हजार रुपये झालं होतं. त्यातला निम्मा भाग पगारावर धरला तर महिन्याला साडेबाराशे रुपये पडतात. पुढं त्यात वाढ झाली, तरी माणूस जगेल इतका तो पगार झाला नाही. आमच्या आत्ताच्या ग्रंथपाल बाई सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडतात आणि मधल्या वेळात शिवणकाम करतात, तेव्हा त्यांचं घर चालतं. “इमारत जपायची म्हणून एका बाईला उपाशी ठेवायचं, ह्यो कुठला धर्म?” खजिनदार म्हणाले. याला उत्तर देता येत नाही. इमारतीवर प्रेम असणाऱ्यांनी हा प्रश्न आधी सोडवावा आणि मग कौलांच्या सौंदर्याबद्दल बोलावं.

कारण पाडायला सगळ्यात जास्त विरोध आहे तो गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्यांचा. त्यांना बालपणीची जागा जशीच्या तशी हवी आहे. यात्रेला आले की ते ओट्यावर उभं राहून फोटो काढतात. त्यांची माया खरी आहे. पण इमारत त्यांच्या आठवणींसाठी बांधली गेली नव्हती. दगड काही देव नाही. गळणाऱ्या छपराखाली पुस्तकं कुजवून भिंती राखल्या, तर तेही पाटीवरच्या शब्दाला फसवणंच.

मग एक तरुण विश्वस्त म्हणाले, “वर नेलं म्हणजे काय बंद केलं का? पुस्तकं तीच, पेपर तेच. आणि खरं सांगायचं तर आता खाली तरी येतंय कोण?”

‘येतंय कोण’ हे शब्द मी याआधी एकदा ऐकले होते, आमच्या गायरानाबद्दल. गायरान पडीकच तर आहे, चरायला जनावरं येतात कुठं, असं म्हणत म्हणत एकेकानं बांध सरकवला. आज ज्याच्याकडं शेतीचा तुकडा नाही आणि दोन शेरडं आहेत, त्याला चारायला जागा नाही. गायरान ज्यांच्यासाठी ठेवलेलं होतं ती माणसं ग्रामसभेत बसलेली नव्हती. ती शेरडांमागं होती. सगळ्यांसाठी ठेवलेल्या वस्तूची ही अडचणच आहे. तिच्याबद्दल निर्णय होतो तेव्हा देणारे हजर असतात, चालवणारे हजर असतात, वापरणारेही थोडे असतात. ज्यांना ती पुढं कधीतरी लागणार आहे, ते तिथं नसतात. काही तर अजून जन्मलेलेही नसतात.

मला वाटतं, अशी इमारत त्या न आलेल्यांची असते. देणाऱ्यानं दिलं तेव्हाच त्याची मालकी संपली. वर्गणी भरणारा भरतो ती चालवण्यासाठी, विकत घेण्यासाठी नव्हे. आपल्या कायद्यातही हा विचार आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे विश्वस्तांना अशी जागा विकता येत नाही, किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं देता येत नाही. आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्त हा शब्दच बघा. विश्वास टाकणारा समोर नसतो, म्हणून तर विश्वस्त लागतो.

या कसोटीवर गाळ्यांचा प्रश्न घासून बघितला, तर पाडावं की राखावं एवढ्यावर तो संपत नाही. जो अजून आलेला नाही, त्याला आत यायला काय पडेल, हे विचारावं लागतं. पूर्वी त्याला जात पडायची. मग अनामत पडली. आता अठ्ठावीस पायऱ्यांचा जिना पडणार. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला तो चढवणार नाही. आणि गुडघे धड असलेल्यालाही रस्त्यावरून सहज विचारता येणार नाही, की आज काय आलंय. दुकानांच्या मधल्या बोळातून जिना चढून वर जायला आधी माणसाला वाटावं लागतं, की आपण वाचणारे आहोत. ओट्याला ते वाटावं लागत नव्हतं. ओट्यावर माणूस सावलीला म्हणून थांबायचा आणि जाताना एखादी बातमी घेऊन जायचा.

मी सभेत एवढंच म्हणालो, की पाडा. गाळेही काढा, बाईंना पगार द्या. पण रस्त्याकडची दोन गाळ्यांची जागा वाचनालयाचीच ठेवा. तिथं पेपर लावा, बाकडी टाका, आणि तिथं बसायला कुणाला नाव विचारू नका. यावर तासभर बोलाचाली झाली. दोन गाळ्यांचं भाडं म्हणजे बाईंच्या पगाराचा एक हिस्सा. तो कुणाच्या खिशातून येणार, असं खजिनदारांनी विचारलं, आणि ते बरोबरच होतं. ‘सर्व लोकांसाठी’ हे शब्द कोरायला फुकट असतात, पाळायला दर महिन्याला पैसे पडतात. अखेर अकराजणांनी महिन्याला दोनशे रुपये द्यायचं कबूल केलं. त्यात शिवणकाम करणाऱ्या आणखी दोन बायका होत्या, आणि त्या खालच्या पायरीशी उभं राहणाऱ्या पोराचा नातू होता. या अकराजणांची नावं कुठं कोरायची नाहीत, असाही ठराव झाला. तो त्यांच्यातल्याच एकानं मांडला.

ठरावाप्रमाणे खाली चार गाळे आणि एक वाचनकक्ष. कागद धर्मादाय आयुक्तांकडं गेले आहेत. परवानगी येईल तेव्हा कौलं उतरतील. तोवर पेपर सकाळी सातला ओट्यावर लागतो. परवा ऊसतोडीच्या टोळीतली दोन माणसं पायरीवर टेकली होती. निवृत्त पोस्टमन पेपर वाचत होते. त्यांनी त्यांच्याकडं बघितलं आणि आवाज थोडा वाढवला.